कातरलेले कोपरे

पाहुणे येणार म्हटलं की बयाबाई आधी वाघूळ झाकायची.

वाघूळ दारासमोरच्या भिंतीवर होतं, काचेच्या फ्रेममध्ये, उलटं लटकलेलं. एक पंख अंगाला लपेटलेला, दुसरा मोडक्या छत्रीसारखा उघडा. तोंड कोल्ह्याचं, मानेभोवती तांबूस केस, एकेक मोजून घ्यावा असा काढलेला. बयाबाई त्यावर टॉवेल टाकायची आणि त्याची टोकं दोन खिळ्यांना अडकवायची.

“पोरीचं लगीन व्हायचंय. दारात पाय ठेवल्या ठेवल्या वाघूळ बघून कोण पुढं यील?”

“दीडशे वर्सांचं हाय ते,” तिचा नवरा अण्णासो म्हणायचा. “आपल्या पणजाच्या बी आधीचं. जरा मान दे.”

“देतो की मान,” बयाबाई म्हणायची. “टावेल धुतलेलाच टाकतो.”

त्यांची पोर श्रुती यावर हसायची. बयाबाईला हसू यायचं नाही. तिची भीती वाघळाची नव्हतीच. पाहुणा कपबशी हातात धरून भिंतीकडं बघायचा, मग अण्णासोकडं, मग पुन्हा भिंतीकडं, आणि विचारायचा, “हे कुठनं आणलं म्हणायचं?” भीती त्या प्रश्नाची होती. बंगल्याच्या दिवाणखान्यात असलं चित्र दिसलं तर लोक ‘केवढ्याला घेतलं’ असं विचारतात. सिद्धार्थनगरातल्या दोन खोल्यांत मात्र ‘कुठनं आणलं’ असंच विचारतात. या दोन प्रश्नांतला फरक बयाबाईला लग्नाच्या आधीपासून, पेठ वडगावच्या बाजारात आईचं बोट धरून हिंडायची तेव्हापासून कळत होता.

अण्णासो कांबळे शहरातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात शिपाई होता. नेमणूक शिपायाची, पण हातात कसब बाइंडिंगचं. फाटक्या पुस्तकाची जुनी शिवण उसवायची, पानं सारखी करायची, नव्या दोऱ्यानं टाचायची, मोरचूद घातलेल्या खळीनं पुठ्ठा चिकटवायचा. त्याच्या बोटांना त्या खळीचा वास कायमचा लागला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी बयाबाईला तो वास सहन व्हायचा नाही. पुढं पुढं तो आला नाही तर नवरा घरात आल्यासारखंच वाटेना.

एक्क्याण्णव सालच्या पावसात ग्रंथालयाचं छत गळलं आणि तळातल्या कपाटात पाणी शिरलं. एकोणीस मोठी इंग्रजी पुस्तकं भिजून फुगली. मजकुराचा लगदा झाला होता. मधली चित्रं मात्र जाड कागदावरची, ती तगली होती. प्राण्यांची चित्रं. छापलेली रेष काळी आणि आतला रंग हातानं भरलेला. तेव्हाचे ग्रंथपाल गणपतराव म्हातारे आणि भले गृहस्थ होते. पुस्तकं रद्द करून रद्दीत घालायचा हुकूम आला, तेव्हा अण्णासोनं त्यांच्याकडं चित्रं मागितली. त्यांनी दिली. सत्तावन्न चित्रं घेऊन तो घरी आला तेव्हा त्याचं तोंड बघून बयाबाईला वाटलं, याला पगारवाढ झाली.

“गणपतराव सायबांनी दिली,” एवढंच तो म्हणाला.

तिथून नाद लागला. लक्ष्मीपुरीतल्या कृष्णात रद्दीवाल्याला त्यानं सांगून ठेवलं होतं. एखाद्या शिकारीच्या शौकिनाचं घर मोडलं, एखाद्या वकिलाची पुस्तकं किलोवर गेली, की कृष्णात चार-सहा पानं बाजूला काढून ठेवायचा. वाघूळ असंच रद्दीतून आलं. तरस आलं, उदमांजर आलं, खवल्या मांजर आलं. दहा वर्षांत ट्रंक भरली.

रविवारी जेवणं झाली की अण्णासो साबणानं हात धुवायचा, कोरडे पुसायचा आणि मग ट्रंक उघडायचा. एकेक चित्र सावलीत पसरायचा, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायचा. दोन चित्रांच्या मध्ये साडीच्या खोक्यातला पातळ कागद. दुसऱ्या कुणी चित्राला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. श्रुतीला तो लांबूनच दाखवायचा.

“हे बघ. हितं शेपटीला रंग रेषेच्या भाईर गेलाय. मशिनीनं न्हाय जात तसा. कुणाचा तरी हात हलला. दुपार झाली आसंल, भूक लागली आसंल.”

“चुकलंय म्हणा की सरळ,” श्रुती म्हणायची.

“चुकलं म्हणूनच खरं हाय ते.”

बयाबाई दारात वाकळ शिवत बसलेली असायची. आसपासच्या घरांतल्या जुन्या साड्यांच्या वाकळा ती शिवून द्यायची. नवऱ्याचं बोलणं ऐकताना तिला बरं वाटायचं, आणि ट्रंकेचं झाकण लागलं की त्याहून बरं वाटायचं.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत अण्णासोच्या निवृत्तीला साडेतीन महिने उरले होते. मे अखेरीला साठ पूर्ण. एका संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल काढायचं विसरून तसाच आत आला. तीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

“काय झालं?”

“काय न्हाय. पाणी दे.”

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं. ग्रंथालयात पडताळणी चालू होती. जुन्या दालनातल्या अकरा पुस्तकांतली चित्रं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. पुस्तकं वरून धड, आत चित्रांच्या जागी नुसत्या पट्ट्या. त्या दालनाच्या किल्ल्या तिघांकडं होत्या आणि त्यातला एक अण्णासो.

“मग?”

“मग काय, सयाजीनं सगळ्यांच्या म्होरं ईचारलं. अण्णासो, तुला चितरांचा लई नाद हाय न्हवं?”

सयाजी तिथला हेडक्लार्क. त्याच्या मुलीच्या शाळेचा सगळा दप्तरपसारा अण्णासोनं दर जूनमध्ये फुकट बाइंड करून दिलेला होता.

“तुमी काय म्हणला?”

“हाय म्हणलं. न्हाय कशाला म्हणू?”

बयाबाईनं भिंतीकडं बघितलं. वाघूळ उलटं लटकून तिच्याकडंच बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासो कामावर गेला, श्रुती कॉलेजला गेली. बयाबाई नळावर कळशी भरत होती. शेजारची आक्काताई मागच्या नंबरला उभी होती. आक्काताईला शहरातली बातमी पेपराच्या आधी कळायची.

“तुमच्या हापिसात चोरी झाली म्हणं?”

“आमचं कसलं हापिस? ह्यांचं हाय.”

“तेच की गं. माजा भाऊ इचलकरंजीला कापडाच्या मागावर हुता, तुला सांगिटलं न्हवतं का? डब्याच्या फडक्याला म्हणून येवढा तुकडा आणला घरी. येवढा!” तिनं वीतभर हात दाखवला. “फाटका, टाकून दिलेला. पर त्येच्यावर शेडचा शिक्का हुता. झडतीत घावला. सोळा वर्सांची नोकरी गेली बघ.”

“टाकून दिलेला हुता म्हणून सांगायचं की.”

“सांगिटलं की! कोण ऐकतंय? शिक्का असला की वस्तू त्येंची. आपल्या घरात शिक्का घावला की आपुन चोर. मिटलं.”

कळशी भरून वाहायला लागली तरी बयाबाईनं ती उचलली नाही.

“अगं ये, पाणी चाललं की!” आक्काताई ओरडली.

घरात येऊन तिनं दाराला कडी घातली. भरदिवसा आतून कडी घालायची तिला सवय नव्हती. कडी गंजलेली होती, दोनदा ओढावी लागली. बाबासाहेबांच्या फोटोमागून तिनं ट्रंकेची किल्ली काढली. हात धुतले. तेवढ्यातही नवऱ्याचा कायदा तिला आठवला. पदराला कोरडे पुसले आणि झाकण उघडलं.

पहिलंच चित्र साळिंदराचं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, चित्रापासून चार बोटं दूर, जांभळा गोल शिक्का. चौथीपर्यंत शिकलेली बयाबाई बोट ठेवून वाचत गेली. संस्थेचं नाव. ग्रंथालय. कोल्हापूर. खाली साल.

दुसरं चित्र मुंगसाचं. शिक्का. तिसरं गव्याचं. शिक्का. ती घाईघाईनं एकेक चित्र सरकवत गेली. वरच्या गठ्ठ्यात एकही चित्र बिनशिक्क्याचं नव्हतं. दहा वर्षं ती या ट्रंकेवर अंथरुणं रचत होती, आणि आत संस्थेचं नाव सत्तावन्न वेळा लिहिलेलं होतं. फक्त खालचा रद्दीतला गठ्ठा कोरा होता.

बाहेर एक स्कूटर थांबली. बयाबाई ट्रंकेवर आडवी झाली, तान्ह्या पोरावर आई पडते तशी. स्कूटर पुढं गेली. ती उठली तेव्हा तिच्या हाताला वाकळेच्या टोपलीतली कात्री लागली.

मनात तिनं हिशेब मांडला होता, आणि तो चुकीचा आहे असं त्या घटकेला कुणालाच वाटलं नसतं. शिक्का गेला की चित्र कुणाचंच नाही. रद्दीतून आणलं म्हणता येईल. चित्राला धक्का लागायचा नाही, शिक्का कोपऱ्यात आहे, कोपरा गेला तर प्राण्याचं काय जातंय? साडीचा जळका पदर कातरून उरलेलं धड कापड ती वाकळेत घालतेच की.

पहिला कोपरा कातरताना कागद कुरकुरला आणि तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्याला थोडा कमी. विसाव्यापर्यंत हात सराईत झाला. साळिंदर, मुंगूस, गवा, शेकरू, खोकड. चित्रं पालथी घालायचं तिला सुचलं नाही. ती फक्त जांभळा रंग बघत होती आणि कातरत होती. सत्तावन्न कोपरे परातीत जमले. ते तिनं मागच्या चुलीत घातले, वर अंघोळीच्या पाण्याचा हंडा ठेवला. जुना कागद, लगेच धरला. जळताना शिक्क्याची शाई क्षणभर हिरवी दिसली, का तिला तसं वाटलं, कोण जाणे. चित्रं जशीच्या तशी रचून, मध्ये पातळ कागद घालून तिनं ट्रंक लावली, वर अंथरुणं रचली आणि कडी काढली.

काल संध्याकाळपासून पहिल्यांदा तिनं पोटभर श्वास घेतला.

अण्णासो संध्याकाळी आला तो शीळ घालत. चप्पल दारातच काढली.

“उद्या अकराला येणार हाईत. ग्रंथालयाच्या मीनाक्षीमॅडम आणि सयाजी. घरातली चित्रं बघायला.”

“कुणी बोलावलं त्यास्नी?”

“मीच.”

बयाबाई बघतच राहिली.

“आगं, मीच म्हणलं, या घरी, बघा ट्रंक उघडून. तवर त्यो सयाजी रोज टोमणं मारणार. एकदाच तोंड बंद करतो त्येचं.” तो भिंतीला टेकून बसला. “गणपतराव सायेब म्हणजे देवमाणूस. त्यांनी मला तवाच सांगिटलेलं, अण्णासो, उद्या मी नसलो तर तुला त्रास नको. एकेक चित्र घिऊन मागं रद्दचा शिक्का मारला, खाली सही, तारीख. सत्तावन्न सह्या केल्या म्हाताऱ्यानं, हात थरथरत हुता. मधोमध मारत हुते, तर मीच म्हणलं, सायेब, शाई पुढं उतरती, प्राण्याच्या अंगावर डाग पडंल. पुढं जिथं ग्रंथालयाचा शिक्का हाय न्हवं, बरुबर त्येच्या मागं मारा. तितं कागद आधीच बाटलाय.”

तो स्वतःच्याच हुशारीवर हसला.

बयाबाई चुलीपुढं उकिडवी बसली होती. तिला भाकरी थापता येईना. पीठ हाताला चिकटून राहिलं.

“उघडतो जरा. नीट लावून ठेवतो,” म्हणून अण्णासो उठला आणि तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी संध्याकाळचं भारनियमन रोजचंच होतं. बयाबाईनं चिमणी पेटवली. अण्णासो परत बसला. चित्रांजवळ तो ज्योत कधीच नेत नसे.

“सकाळी बघू,” तो म्हणाला. “तू का गप? आगं, काय भ्यायचं कारण न्हाय. आपल्याकडं कागूद हाय.”

ती सांगणार होती. जेवताना सांगणार होती, ताटं उचलताना सांगणार होती. श्रुती अभ्यासाला बसली तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. पण तो इतका निर्धास्त बसला होता की तिला वाटलं, एवढी एक रात तरी याला मिळू दे. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली. नवरा मारेल अशी नव्हे. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. तो काहीच बोलणार नाही, अशी भीती.

सकाळी बुद्धवंदनेला तिघं बसली. शीलं म्हणताना बयाबाईचा आवाज दुसऱ्या शीलाला, न दिलेलं न घेण्याच्या, बारीक झाला आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, बंदच पडला. श्रुतीनं डोळा उघडून आईकडं बघितलं. अण्णासोचे डोळे मिटलेले होते. वंदना झाल्यावर तो दाढी करायला बसला, धुतलेला सदरा घातला, आणि ट्रंकेकडं जाणार तर आक्काताईचा नवरा पेपर मागायला आला आणि तासभर हलला नाही. बयाबाईनं त्याला दोनदा चहा दिला. उठू नये म्हणून.

अकराला पाच कमी असताना दारात रिक्षा थांबली. नव्या ग्रंथपाल मीनाक्षीमॅडम पंचेचाळिशीच्या, सुती साडीतल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. काखेत कापडात गुंडाळलेलं जाड पुस्तक. मागून सयाजी.

“या पावणं,” अण्णासो म्हणाला, आणि बयाबाईच्या ध्यानात आलं, आज वाघळावर टॉवेल टाकायचा राहिला.

सयाजीची नजर आधी तिथंच गेली. “ह्ये कुठनं आणलं म्हणायचं?”

“रद्दीतनं. ट्रंकेतली बघा आधी.” अण्णासोनं हात धुतले, पुसले. अंथरुणं उतरवली. झाकण उघडलं आणि वरचा पातळ कागद बाजूला केला.

साळिंदराचा कोपरा नव्हता.

त्यानं ते चित्र पालथं केलं. पुन्हा उताणं केलं. मग मुंगूस घेतलं. मग गवा. त्याच्या हातांचा वेग वाढत गेला; दहा वर्षांत एकाही चित्राला त्याच्या हातून चुणी पडली नव्हती, आता तो रद्दीच्या दुकानात उचकटावं तसं उचकटत होता.

“शिक्का हुता,” तो म्हणाला. “म्होरं ग्रंथालयाचा आणि मागं रद्दचा. सही हुती, सायबांची.”

“हुता म्हंजे?” सयाजी खाली वाकला. “कापलाय की! ताजा काप हाय ह्यो, मॅडम. कड बघा कशी पांढरी दिसतीया. शिक्के काढून टाकलं की झालं, व्हय रं?”

अण्णासोचं बोट कातरलेल्या कडेवर फिरत होतं. त्या बोटाकडं बघितलं आणि बयाबाईची जीभ सुटली.

“मी कापलं.”

कुणी ऐकलंच नाही. ती पुढं आली. “मी कापलं. काल. कात्रीनं. शिक्का बघून भ्यालो. मागं बी शिक्का हाय ह्ये मला ठावं न्हवतं.”

“वहिनी,” सयाजी म्हणाला, “घरच्या माणसानं असंच बोलावं लागतंय, मला म्हाईत हाय. कोपरं कुठं हाईत मग?”

“चुलीत घातलं.”

“वा! म्हंजे तुमचा च्या त्याच्यावरच झाला का काय?”

अण्णासोनं बायकोकडं बघितलं. रागानं नाही. ओळख पटत नसल्यासारखं. बयाबाईला वाटलं, त्यानं परात फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

मीनाक्षीमॅडम हसल्या नव्हत्या. “एक्क्याण्णवच्या रद्द यादीत एकोणीस पुस्तकांचे नंबर आहेत,” त्या म्हणाल्या. “पण चित्रं तुम्हाला दिली असं त्यात लिहिलेलं नाही. गणपतराव आज हयात नाहीत. अण्णासो, त्या शिक्क्यांशिवाय तुमच्याकडं काय आहे?”

मॅडमनी कापडातलं पुस्तक ट्रंकेच्या कडेला ठेवलं आणि उघडलं. चित्रं कापून नेलेलं पुस्तक, ताडून बघायला आणलेलं. चित्राच्या जागी बोटभर रुंदीची पट्टी उरली होती, ब्लेडनं सरळ कापलेली, आणि शिवणीत घट्ट बसलेली.

बयाबाई त्या पट्टीकडं बघत होती. बघता बघता ती पुस्तकापुढं गुडघ्यावर बसली. तिनं साळिंदराचं चित्र उचललं, कोपऱ्याकडून नव्हे, डावीकडच्या कडेनं, आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

“मॅडम, ही भोकं बघा.”

कडेला एका ओळीत बारीक भोकं होती. उजेड त्यातून सुईच्या टोकाएवढा आत येत होता.

“ही टाक्याची भोकं. ह्ये उसवून काढलंय. तुमच्या पुस्तकातलं कुणी कातरून नेलंय, त्येचं टाकं हितंच ऱ्हायलं, पट्टीत. उसवलेलं आणि कातरलेलं येक व्हय? मी रोज वाकळा शिवतो. कातरलेल्या कापडाला टाका ऱ्हात न्हाय, आणि उसवलेल्याचा जात न्हाय.” तिनं मुंगूस उचललं, गवा उचलला. प्रत्येकाच्या कडेला तीच ओळ. “ह्यांच्या हातानं ब्लेड चालत न्हाय, मॅडम. ह्यो माणूस लगद्यातनं सुद्धा दोरा उसवून काढतोय. कात्री माजी हाय. ह्यांची न्हाय.”

मीनाक्षीमॅडमनी चष्मा लावला. एकेक चित्र घेऊन त्या खिडकीशी गेल्या. पट्टी बघितली, कड बघितली. सत्तावन्न चित्रं बघायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ बयाबाई गुडघ्यावरच होती. सयाजीनं मध्येच घड्याळ बघितलं, मग वाघूळ बघितलं. आपल्या मुलीची पुस्तकं कुणी शिवली होती हे त्याला त्या वेळी आठवलं असेल किंवा नसेल.

“यातलं एकही ब्लेडनं काढलेलं नाही,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “तसं मी लिहीन.”

बयाबाईनं जमिनीला हात टेकले.

“पण अण्णासो,” मॅडमचा आवाज खाली आला, “तुम्हाला दिली याचा पुरावाही आता नाही. ग्रंथालयातून निघालेली तर आहेतच. ही सत्तावन्न मला परत न्यावी लागतील.”

अण्णासोनं मान हलवली. मग तो उठला, हात पुन्हा धुतले, आणि एकेक चित्र पातळ कागदात नीट घालून गठ्ठा बांधला. गाठ मारताना त्यानं बोट मध्ये धरलं, दोरा कागदाला काचू नये म्हणून. रिक्षेपर्यंत तो गठ्ठा त्यानंच नेला, दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल न्यावं तसा.

मे अखेरीला तो निवृत्त झाला. शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सयाजीनंच भाषण केलं आणि ‘स्वच्छ हाताचा माणूस’ असं म्हणाला. ब्लेडवाला कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात त्यातली पाच चित्रं फ्रेम करून लावली आहेत, असं श्रुती सांगत आली. “उजवा कोपरा न्हाई एकाला बी,” ती म्हणाली आणि आईकडं बघून आत गेली. ती चित्रं बघायला अण्णासो गेला नाही. बयाबाईची तर त्या रस्त्यानं जायची छाती झाली नाही.

तो तिला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. भाजी आणायचा, वाकळेच्या सुईत दोरा ओवून द्यायचा, श्रुतीच्या स्थळांच्या गोष्टी करायचा. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहायची, आज बोलेल, उद्या बोलेल. रविवारी दुपारी तो झोपायचा. वेखंडाच्या पुरचुंड्या ट्रंकेत तशाच वाळून गेल्या. कात्री बयाबाईनं माळ्यावर टाकली होती. तेव्हापासून ती दोरा दातानं तोडते.

पावसाळा सरता सरता कृष्णात रद्दीवाल्यानं दोनदा निरोप धाडला, साळिंदर आलंय म्हणून. अण्णासो गेला नाही. शेवटी बयाबाईच लक्ष्मीपुरीत गेली. चित्र उताणं बघितलं, पालथं बघितलं.

“मागं लिहून द्या,” ती म्हणाली. “कुणाला इकलं, कवा इकलं. तुमची सही, दुकानाचा शिक्का.”

“वहिनी, रद्दीच्या कागदाला कोण पावती देतंय?” कृष्णात हसला.

“लिवा,” ती म्हणाली. “मधोमध लिवा.”

त्यानं लिहिलं. अण्णासोनं घरी ते चित्र घेतलं, मागचं वाचलं, शाई पुढं उतरली आहे का तेवढं बघितलं आणि ट्रंकेत ठेवलं. “बरं हाय,” म्हणाला. रंग रेषेबाहेर गेलाय का ते त्यानं बघितलं नाही.

दिवाळीनंतर श्रुतीला बघायला हातकणंगल्याहून माणसं यायची होती. बयाबाई सकाळपासून पोह्यांच्या गडबडीत. दहाच्या सुमारास हात पुसत ती बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली. वाघळावर टॉवेल होता. टोकं दोन्ही खिळ्यांना नीट अडकवलेली. अण्णासो धुतलेला सदरा घालून त्याच्या खाली खुर्चीवर बसला होता, हात मांडीखाली दाबून.

“आवो, ऱ्हाऊ दे की उघडं,” ती म्हणाली. “ईचारलं तर सांगू. रद्दीतलं हाय. कृष्णात सांगंल की.”

“नगं,” तो म्हणाला. “कशाला उगंच.”

ती टॉवेलाकडं गेली. त्यानं मान हलवली, आणि तिचा हात खाली आला.

पाहुणे आले. मुलाचा चुलता बोलका होता. पोहे खाता खाता त्यानं खोलीभर नजर फिरवली, घड्याळ बघितलं, बुद्धाची मूर्ती बघितली, बाबासाहेबांचा फोटो बघितला आणि मग टॉवेलापाशी येऊन थांबला.

“त्ये काय हाय हो, भिंतीवर?”

“काय न्हाय,” अण्णासो म्हणाला. “टावेल हाय. वाळत घातलाय.”